गळ्यापर्यंतचा मेव्हणा

नरसिंग हाळीकर आणि सिद्धेश्वर मालेगावकर यांचं पटत नव्हतं, एवढंच म्हटलं तर दोघांनाही कमीपणा वाटला असता. पटत तर पुष्कळांचं नसतं. या दोघांनी त्यासाठी मेहनत घेतली होती.

मुळात सोयरीकच साट्यालोट्याची. नरसिंगची बहीण कुसुम सिद्धेश्वरला दिलेली आणि सिद्धेश्वरची बहीण लता नरसिंगला. एकाच दिवशी, एकाच मांडवात, एकाच बुंदीवर दोन लग्नं उरकली. इतरांच्या घरी कसं, मुलीकडचे वाकतात आणि जावई फुगतो, गाडी चालते. इथं दोघंही जावई आणि दोघंही मुलीकडचे. त्यामुळं फुगायला दोघं होते, वाकायला कुणीच नव्हतं. दोघं एकमेकांना 'दाजी' म्हणायचे, पण ऐकणाऱ्याला वाटावं की शिवीच दिली.

नरसिंग लातूरला बाजार समितीत कारकून होता. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसलेला, आडतीत पोतं पडत नव्हतं, म्हणून तो रोज सकाळी जाऊन फळ्यावर 'आवक निरंक' लिहायचा आणि मग दिवसभर ते बरोबर आहे का बघत बसायचा. सिद्धेश्वरचा अर्धापुरात फोटो स्टुडिओ होता. तिकडं केळीच्या बागांना विहिरीचं पाणी अजून पुरत होतं, आणि ज्याच्या बागेला पाणी असतं त्याला फोटो काढून घ्यायची हौस असते. थोडक्यात, नांदेडकडचा दाजी हिरवा होता आणि लातूरचा वाळलेला. नरसिंगला हेसुद्धा सिद्धेश्वरचंच काम वाटायचं.

भांडणाचं मूळ मात्र लातुरात, नरसिंगच्या बैठकीच्या भिंतीवर टांगलेलं होतं.

लग्नाच्या दिवशी सिद्धेश्वर स्वतःच्या अक्षता पडल्याबरोबर मोकळा झाला, मुंडावळ्या कानामागं सरकवल्या, कॅमेरा गळ्यात घातला आणि बहिणीच्या लग्नाचे फोटो त्यानं स्वतः काढले. फोटो धुऊन आले. लता सगळीकडं छान आली होती. हार छान आला होता. नरसिंग मात्र प्रत्येक फोटोत गळ्यापर्यंत होता. हार घालताना गळ्यापर्यंत, सप्तपदीत गळ्यापर्यंत, जेवतानाच्या फोटोत तर नुसता हात घास घेऊन वर निघालेला, आणि तो घास पुढं कुठं गेला याचा काही पुरावा नाही.

"चुकून झालं," सिद्धेश्वर म्हणाला होता.

सासऱ्यांनी चौकट आधीच करून आणलेली. ती वाया जाऊ नये म्हणून हार घालतानाचा फोटो त्यात बसवला आणि भिंतीवर लावला. आलागेला बघायचा आणि विचारायचा, "लता, हे कोण?" लता आत बोट दाखवायची. आत नरसिंग डोक्यासह चहा पीत बसलेला असायचा.

लातुरात दुसरे फोटोवाले नव्हते असं नाही. लतानं शंभरदा सांगितलं, चला, जोडीनं एक फोटो काढून येऊ. पण नरसिंगचं एकच म्हणणं. "ज्यानं कापलं त्यानंच जोडावं. इथं यावं, माफी मागावी, फुकट काढावा." सिद्धेश्वरनं अर्धापुराहून चिठ्ठी धाडली, "जोडतो. पण दाजींनी माझ्या स्टुडिओत यावं आन मान सरळ धरावी. मान वाकडी असल्यानंच मागं घोटाळा झाला." हे उत्तर नरसिंगनं बायकोला वाचून दाखवलं आणि मग बायकोच्या भावाबद्दल, वडिलांबद्दल आणि अर्धापुरातल्या एकूण हवापाण्याबद्दल पुष्कळ बोलला.

लतानं पिशवी भरली. दारात उभी राहून म्हणाली, "भिंतीवर तुमचं डोकं तर लागलं न्हाई. निदान नाव तरी लागू द्या कुठं. ज्या दिवशी लागंल त्या दिवशी येते." आणि नांदेडच्या एसटीत बसली.

साट्यालोट्याचा कायदा कुठं छापलेला नाही, पण तो रेल्वेच्या वेळापत्रकापेक्षा पक्का असतो. एकीकडची लेक माहेरी आली की दुसरीकडची जायलाच पाहिजे. कुसुमचं आणि सिद्धेश्वरचं काहीएक भांडण नव्हतं. ती लिंबाचं लोणचं घालत होती. तरी दुसऱ्या दिवशी नरसिंग जाऊन उभा राहिला आणि तिला लोणच्याच्या बरणीसकट घेऊन आला. जाताना कुसुम नवऱ्याला म्हणाली, "वहिनीची अट तीच माझी. तुमचं बी नाव भिंतीवर लागंल तवा येते. न्हाईतर लोक म्हणतील, माझंच नाक खाली होतं." स्टुडिओच्या पाटीवर नाव होतं, पण ती पाटी सिद्धेश्वरनं स्वतःच रंगवलेली, ती कुणी धरली नाही.

अशा रीतीनं दोन्ही घरांत प्रत्येक नवऱ्याला आपापल्या बहिणीच्या हातचं खायची वेळ आली. कुसुमनं पहिल्याच दिवशी भाकरी थापताना जाहीर केलं, "मी इथं राग धरून आलेली हाय. भाजीत मीठ बघून घे." ते लोणचं तिनं त्याला एकदाही वाढलं नाही. महिना गेला. लता नसलेल्या घरात नरसिंग संध्याकाळी बिनडोक्याच्या फोटोखाली बसून त्या फोटोतल्या लताकडं बघायचा. तेवढाच एक फोटो होता त्याच्याकडं तिचा. काढला होता त्या माणसानं.

त्यात जिल्ह्याचा वर्धापनदिन आला. जिल्हा अजून इतका नवा होता की कचेऱ्यांच्या पाट्यांवर 'लातूर'च्या खालून 'उस्मानाबाद' डोकावायचं. उत्सव समितीनं रंगीत छायाचित्र स्पर्धा काढली. विषय 'आपल्या जिल्ह्याचे रंग'. छायाचित्र रंगीतच हवं, ते जिल्ह्याच्या हद्दीत काढलेलं हवं, काढणारा जिल्ह्याचा रहिवासी हवा. निवडलेली छायाचित्रं टाऊन हॉलच्या भिंतीवर लागणार, आणि प्रत्येकाखाली काढणाराचं आणि छायाचित्रातल्या व्यक्तीचं नाव लिहिणार.

कुसुमनं तो कागद भावापुढं धरला. "दादा, भिंत. नाव."

"माझ्यापाशी कॅमेरा न्हाई."

"ह्यांच्यापाशी हाय. पण हे नांदेड जिल्ह्यातले, ह्यांना भाग घेता येत न्हाई. तू काढ, हे फोटोत उभे राहतील. तुझं नाव लागंल, ह्यांचं बी लागंल. वहिनी इकडं येतील, मी तिकडं जाईन, आन ही बरणी बी जाईल."

"त्या माणसाचा फोटो मी काढू?"

"न्हाईतर जन्मभर माझ्या हातचं खा," कुसुम म्हणाली. नरसिंग तयार झाला.

आता प्रश्न रंगाचा होता. नव्या जिल्ह्यात रंगच शिल्लक नव्हता. माळ पांढरा, रान काळं, आभाळ राखेचं, झाडं काड्यांची. जिल्ह्याचं वैभव म्हणून दाखवावं असं एकच काही अंगावर मांस धरून उभं होतं, ते म्हणजे देवणीच्या महादेवप्पांचा वळू. देवणीचीच जात. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, पाय खांबासारखे, नजर मामलेदारासारखी. महादेवप्पांनी स्वतःची दाढी करायचं पाणी वाचवून त्याला जगवलं होतं.

ठरल्या दिवशी नरसिंग देवणीला पोचला. पाठोपाठ उदगीरच्या एसटीतून सिद्धेश्वर उतरला. गळ्यात कॅमेरा, अंगात पांढरा सदरा, काळी प्यांट, आणि एसटीच्या टपावर आख्खं केळीचं झाड.

"हे काय हाय, दाजी?" नरसिंगनं विचारलं.

"हिरवा रंग. तुमच्या जिल्ह्यात मिळत न्हाई म्हणून घरून आणला."

"फोटो हद्दीतला पायजे, असा नियम हाय."

"फोटो हद्दीतलाच हाय. केळ पाहुणी हाय."

झाड खाली उतरवताना माणसं गोळा झाली. एका म्हातारीनं पानाला हात लावून बघितला आणि "खरं हाय की गं," असं शेजारणीला सांगितलं. महादेवप्पांच्या गोठ्यापुढं सिद्धेश्वरनं ते झाड मातीत रोवलं आणि पिशवीतून गेरू, हिंगूळ आणि बेगड काढली. वळूला शिंगांपासून रंगवायचा त्याचा बेत होता.

"बेडा," महादेवप्पा म्हणाले आणि वळूच्या आडवे उभे राहिले. "नको म्हंजे नको. ठिपका झाकला तर हा कुणाच्या वंशाचा, कसं कळायचं? ह्याच्या अंगावर ह्याच्या आज्याचं नाव लिव्हलेलं हाय."

"पण रंगीत स्पर्धा हाय, मालक."

"मंग तुम्ही रंगवून घ्या तोंड. आन एक ऐका. बैल पुरता आला पायजे. शिंगाच्या टोकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत. माणसं कमीजास्त झाली तर माझं काही म्हणणं न्हाई."

ते दोघं इकडं वाद घालत होते तोवर वळूनं केळीचं पहिलं पान तोडलं. वळूनं वर्षभरात हिरवं काही बघितलं नव्हतं, आणि त्याला नियमावली दाखवायची कुणाची छाती नव्हती. त्यानं पानं खाल्ली, मग खांब खाल्ला, मग खांब रोवला होता ती मातीही हुंगून बघितली. महादेवप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. नांदेड जिल्ह्यानं लातूर जिल्ह्याला केलेली ती त्या वर्षातली एकमेव मदत असावी.

"खाऊ द्या," सिद्धेश्वर ओठ चावत म्हणाला. "माझ्यापाशी फेटा हाय."

त्यानं पिशवीच्या तळातून फेटा काढला. गर्द गुलाबी. लग्नातला. कुसुमनं ट्रंकेत घडी करून ठेवलेला. तो डोक्यावर चढला तशी गोठ्यापुढची सगळी माणसं वळून बघू लागली. काळ्यापांढऱ्या मुलखात कुणी दिवा लावावा तसं दिसत होतं. नरसिंगलाही असाच फेटा होता लग्नात. गुलाबीच. तो कुठल्याच फोटोत आला नव्हता.

मग सिद्धेश्वरनं त्याच्या हातात कॅमेरा दिला. तान्हं लेकरू दारुड्याकडं द्यावं तसा दिला.

"ह्यातून बघायचं. हे बटन. दाबताना श्वास घ्यायचा न्हाई."

"कितीक वेळ?"

"कायमचा न घेतला तरी चालंल."

"दाजी, आता तुम्ही माझ्यापुढं उभे हाव. जरा बघून बोला."

"दाजी, कॅमेरा माझा हाय. जरा बघून धरा."

सिद्धेश्वर कासरा धरून वळूशेजारी उभा राहिला, छाती काढून. नरसिंगनं डोळा लावला. काचेच्या त्या इवल्या चौकटीत सगळं बसत होतं: वळू शिंगांपासून गोंड्यापर्यंत, काळी भुई, राखेचं आभाळ, पांढरा सदरा, काळी प्यांट, आणि सगळ्याच्या वर तो गुलाबी फेटा. झकास दिसत होतं. नरसिंगलाच कबूल करावं लागलं असतं इतकं झकास.

मग फेट्याखालचं तोंड हसलं आणि म्हणालं, "मान सरळ हाय ना माझी, दाजी? नीट बघा. तुमची नव्हती."

नरसिंगनं मान बघितली. सरळ होती. त्यानं कॅमेरा अगदी सावकाश खाली झुकवला. चौकटीतून आधी तुरा गेला, मग फेटा गेला, मग कपाळ, मग ते हसणं. गळ्यापाशी तो थांबला. शिंगं पूर्ण होती. गोंडा पूर्ण होता. महादेवप्पांच्या अटीत तसूभर फरक पडला नव्हता. त्यानं श्वास रोखला आणि बटन दाबलं. मग चावी फिरवली आणि तसाच, तिथंच, दुसरा काढला. मग तिसरा. "अजून घ्या, अजून घ्या," सिद्धेश्वर म्हणत राहिला, आणि नरसिंग इमानेइतबारे कापत राहिला.

त्याचा हिशेब साधा होता. नाव दोघांचं लागेल, त्याला इलाज नाही. डोकं मात्र लागणार नाही. परत येताना एसटीत तो शिट्टी वाजवत होता.

रोल हैदराबादला धुवायला गेला. फोटो नरसिंगच्या पत्त्यावर आले ते नेमके प्रवेशिकेच्या शेवटच्या दिवशी. त्यानं पाकीट फोडलं आणि किती तरी दिवसांनी मोठ्यानं हसला. वळू आख्खा, राजासारखा. बाजूला गळ्यापर्यंतचा मेव्हणा. कुसुमनं खांद्यावरून बघितलं.

"ह्यांचं डोकं कुठं हाय?"

"चुकून राहिलं."

"सगळ्यांत?"

"पहिल्यांदाच कॅमेरा धरला मी."

कुसुमनं फोटो उन्हाला धरला, उलटा केला, परत सुलटा केला. "दादा, हा रंगीत हाय का?"

पण दादा चप्पल घालून जिन्यात पोचला होता.

चार दिवसांनी त्याला समितीनं बोलावलं. अध्यक्ष बापूसाहेब निवृत्त चित्रकला शिक्षक होते. त्यांनी उभ्या आयुष्यात मुलांच्या चित्रांत रंग बाहेर गेला म्हणून छड्या मारल्या होत्या. रंग आतच नाही असा प्रसंग त्यांच्यावर पहिल्यांदाच आला होता.

"हाळीकर, आपण समितीची चेष्टा करता का?"

"न्हाई साहेब."

"स्पर्धा रंगीत छायाचित्रांची आहे. हे कृष्णधवल आहे."

"रंगीतच हाय, साहेब. हैदराबादला धुतलाय."

"कुठं धुतला याला महत्त्व नाही. रंग दाखवा."

नरसिंगनं फोटो हातात घेतला आणि पहिल्यांदाच रंग शोधला. वळू: पांढरा, काळे ठिपके. भुई: काळी. आभाळ: राख. सदरा पांढरा, प्यांट काळी, कासरा मळकट. एवढ्या सगळ्या मुलखात रंग एकच होता आणि तो त्यानं स्वतःच्या हातानं, श्वास रोखून, चौकटीबाहेर ठेवला होता.

"हा हात बघा, साहेब," तो म्हणाला. "हात गव्हाळ हाय."

बापूसाहेबांनी भिंग लावलं. "हात उन्हानं काळा पडलेला आहे."

"काळासुद्धा रंगच हाय की."

"मला शिकवू नका. बैलानं जीभ बाहेर काढली असती तर विचार केला असता. शिवाय हा मनुष्य. याला वर काही नाही?"

"व्हतं," नरसिंग म्हणाला. "गुलाबी व्हतं."

"मग ते कुठं आहे?"

नरसिंगनं फोटोच्या वरच्या कडेकडं बघितलं. ते अर्धापुरात, त्याच्या बायकोच्या भावाच्या खांद्यांवर होतं.

वर्धापनदिनी टाऊन हॉलला तोरण लागलं. कागदी, कारण आंब्याची पानं नव्हती. सिद्धेश्वर लताला घेऊन सकाळच्या एसटीनं आला. लोकांनी फोटोवरून ओळखावं म्हणून तो गुलाबी फेटा बांधून आला होता. कुसुम हॉलच्या दारात भेटली, लोणच्याच्या बरणीसकट. दोघींनी एकमेकींना 'वहिनी' म्हणून हाक मारली आणि एकमेकींच्या तब्येतीवरून आपापल्या नवऱ्याच्या स्वयंपाकघरातला कारभार ताडला. नरसिंग खांबाआड उभा होता. त्याला यायचंच नव्हतं. कुसुमनं आणला होता.

सिद्धेश्वर छाती काढून सगळ्या भिंती फिरला. पहिलं बक्षीस पाण्याच्या टँकरला होतं, निळ्या. दुसरं प्लास्टिकच्या गुलाबांना. वळू कुठंच नव्हता. तो दुसऱ्यांदा फिरला. मग लतानंच दारामागं चिकटवलेला कागद बघितला आणि शांत आवाजात वाचला.

"'अपात्र प्रवेशिका. श्री. नरसिंग हाळीकर, लातूर. कारण, छायाचित्रात रंग आढळून आला नाही. तसेच छायाचित्रातील इसम श्री. सिद्धेश्वर मालेगावकर यांचे शिर छायाचित्राबाहेर आहे.'"

खाली फोटो टाचणीनं टोचलेला होता. चौघं त्याच्यापुढं उभे राहिले. येणारी-जाणारी माणसं एकदा फोटोकडं बघत, एकदा सिद्धेश्वरच्या फेट्याकडं बघत, आणि फेट्याखाली डोकं आहे याची खात्री करून पुढं जात.

"दाजी," सिद्धेश्वर म्हणाला. "हे काय हाय?"

लता नवऱ्याकडं वळली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ बघितलं तिनं. "चुकून झालं का?"

नरसिंगला 'हाव' म्हणता आलं असतं. कुसुमला तसंच सांगितलं होतं त्यानं. पण चुकून म्हटलं की तो त्या माणसाच्या पंगतीला बसला असता, एकाच पाटावर. नाव गेलं, बक्षीस गेलं, बायको तर आधीच गेली होती. उरलं होतं ते एवढंच.

"न्हाई," तो म्हणाला. "मुद्दाम कापलं. नीट बघून, श्वास धरून कापलं. सगळ्या फोटोंत."

"ऐकलंस?" सिद्धेश्वर बहिणीला म्हणाला. "ऐकलंस, लते? मी लग्नात चुकून कापलं होतं, आन हा माणूस मुद्दाम..."

"म्हणूनच म्हणतो," नरसिंग म्हणाला, "तुमच्यापेक्षा फोटो मला बरा येतो."

लतानं भावाकडं बघितलं. "अण्णा, लग्नात चुकून कापलं होतंस?"

"हाव. मान वाकडी होती ह्यांची."

"सगळ्याच फोटोत वाकडी होती?"

सिद्धेश्वरनं फेटा नीट केला. तो नीटच होता. त्याच्याशी भांडायला नरसिंग पुढं सरकला, तर कुसुमनं त्याला कोपरानं मागं लोटलं आणि कागदावर बोट ठेवलं.

"वहिनी, तुम्ही म्हणला होतात, नाव भिंतीवर लागलं पायजे. कशापायी लागलं पायजे ते म्हणला न्हाईत. हे लागलंय. ह्यांचं बी लागलंय. मी चालले, माझं लोणचं नासून राहिलं."

"चल," सिद्धेश्वर बायकोला म्हणाला. नरसिंगच्या समोरून जाताना थांबला. "दाजी, माझा उंबरा चढलात तर बघा."

"दाजी, तुमचा उंबरा बी तुम्ही गळ्यापर्यंतच काढला असंल."

लता अजून दारामागंच उभी होती. तिनं फोटोची टाचणी काढली, फोटो पदराला पुसला आणि पिशवीत ठेवला. "समितीचा हाय तो," नरसिंग पुटपुटला. "त्यांना रंगीत पायजे होता," ती म्हणाली. एक प्रत देवणीला महादेवप्पांना आधीच गेली होती. त्यांनी ती गोठ्यात लावली, आणि तिथं आजवर कुणी डोक्याची चौकशी केलेली नाही.

घरी आल्यावर लतानं चहासुद्धा केला नाही. स्टूल ओढलं, हातोडी मागितली, आणि लग्नाच्या फोटोशेजारी, बरोबर त्याच उंचीवर, खिळा मारला. एकीकडं हार घातलेला नवरा, गळ्यापर्यंत. दुसरीकडं कासरा धरलेला भाऊ, गळ्यापर्यंत. मधे ती आणि वळू, दोघं पूर्ण. ती खाली उतरून दोन पावलं मागं झाली आणि डोकं तिरकं करून बघत राहिली.

"आता झालं साटंलोटं," ती म्हणाली. "जरा डावीकडं वर हाय का हो?"

नरसिंगनं मान सरळ धरून बघितलं. "न्हाई," तो म्हणाला. "बराबर हाय."